शाळेचा समुद्र

आमच्या गावची शाळा म्योकने बांधली. बाळंतिणीला ज्याचं सूप करून पाजतात, तेच समुद्रातलं शेवाळ, म्योक. तो तळाशी जाऊन, श्वास कोंडून कापला गावच्या बायकांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या जेजू बेटावर शाळेचा विषय निघाला की पुरुष अजूनही छाती काढून ‘आम्ही बांधली’ म्हणतात आणि माझं डोकं फिरतं.

त्या बायकांची म्होरकी बू ओक्सेंग. आम्ही पोरंटोरं तिला मावशी म्हणायचो. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कानांनी अधू. खोल पाण्याने बुडी मारणाऱ्यांचे कान जातात, त्यामुळे तिचं बोलणं कायम वरच्या पट्टीत. ती कुजबुजली तरी शेजारच्या आळीत कळायचं. किनाऱ्यावर दगड रचून शेकोटीची जागा केली होती. तिथे ज्या बाजूला तोंडावर धूर येत नाही ती बैठक सगळ्यांत खोल जाणारीची, म्हणजे मावशीची. अक्षरओळख शून्य, आणि त्याची तिला लाजही नव्हती. म्हणायची, ‘‘खाली जाऊन काय माशांना वाचून दाखवू?’’

धामधुमीच्या काळात जुनी शाळा जळाली. लढाई संपून वर्षं गेली तरी सरकारकडून नुसती आश्वासनं येत होती. शेवटी शेकोटीभोवती मावशीनेच विषय काढला. काळ्या खडकापुढचा पट्टा शाळेला द्यायचा. तिथला म्योक कोणी घरी न्यायचा नाही, सगळा शाळेसाठी विकायचा. त्या पट्ट्याला ‘शाळेचा समुद्र’ असंच नाव पडलं. बायकांनी तो कापला, वाळवला, विकला आणि भिंती उभ्या राहिल्या. मेंग मास्तरही आले. उत्तरेतलं घरदार, बायकापोरं लढाईत गमावून आमच्या बेटावर येऊन पडलेला हा भला माणूस. छप्पर तेवढं बाकी होतं. ते येत्या वसंतातल्या म्योकवर होणार होतं.

तेवढ्यात गावप्रमुख यांग काकांनी जाहीर केलं : खोली एक, जागा चाळीस, तेव्हा आधी मुलगे. मुलींचं दुसरी खोली झाल्यावर बघू.

मी तेव्हा आठ वर्षांची. धाकट्या भावाला पाठीशी बांधून भिंती कुठवर आल्या ते बघायला रोज जायची. मला त्या खोलीत बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. थोरल्या भावाचं नाव लागलं, माझं नाही. मी घरी रडून गोंधळ घातला, तर वडील म्हणाले, ‘‘मुलीची जात, शेवटी समुद्रातच जायची. तिथे कसली अक्षरं?’’ आईही बुडीवालीच. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाण्यात आधाराला तरंगत ठेवतात तो वाळका भोपळा उचलून ती शेकोटीकडे गेली.

त्या दिवसापासून शाळेच्या समुद्रात कोणी उतरेना. बायका इतर पाण्यात जात, घरापुरतं आणत, पण काळ्या खडकापुढे एकीचाही भोपळा तरंगताना दिसेना. म्योक वेळेत कापला नाही तर लाटा उपटून नेतात. चार दिवस वाट पाहून यांग काका शेकोटीपाशी आले.

‘‘काय गं ओक्सेंग, शाळेचा म्योक का राहिलाय?’’

‘‘तुमची वाट बघतोय तो. शाळा मुलग्यांची ना? मग मुलग्यांच्या बापांनी काढावा.’’

‘‘आम्हाला कुठे येतं ते?’’

‘‘आम्ही काय आईच्या पोटातून शिकून आलो होतो? या इकडे, शिकवते. चाळीस जणांची जागा आहे.’’

बायका इतक्या हसल्या, की यांग काकांनी खरंच मनावर घेतलं. सहा-सात पुरुष विजारी गुडघ्यापर्यंत वळून उतरले. त्यात माझे वडीलही होते. छातीभर पाण्यापर्यंत गेले आणि म्योक सोडून सर्दी घेऊन आले. घरी आठवडाभर शिंकत होते, आणि आई त्यांना सूप करून देताना एकदाही हसली नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

पुन्हा सभा भरली. आमच्याकडे बायका समुद्रात आणि पुरुष पोरं सांभाळत घरात, तरी सभेत बोलायचे पुरुषच. या वेळी मात्र बायका ओल्या केसांनी येऊन पुढेच बसल्या. यांग काका काही कच्चे नव्हते.

‘‘बरं, घेऊ मुली,’’ ते म्हणाले. ‘‘जागा चाळीस, नाव घातलेले मुलगे चाळीस. उठवू कोणाला? तूच सांग, ओक्सेंग. कोणाच्या घरचा उठवू?’’

कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा त्या चाळिसांत होताच. आई मान खाली घालून बसली. मी तिच्या मांडीशी होते. मला वाटलं, संपलं आता.

‘‘माझे दोघे उठवा,’’ मावशी म्हणाली. ‘‘चांगिल आणि चांगो.’’

तिला मुलगी नव्हती, एकही. थोरला चांगिल दारात उभा होता, त्याचा चेहरा पार उतरला. तिचा नवरा पुटपुटला, ‘‘अगं, जरा विचार करून बोल.’’

‘‘केलाय. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी आम्ही म्हाताऱ्यांना आणि नवख्या पोरींना सोडतो. तिथला शंख मी कधी उचलला नाही. उचलला असता तर मला कोण अडवणार होतं? पण ज्यांचा दम कमी त्यांना जवळचं पाणी, हीच रीत आहे. तुम्ही उलटं केलंत. माझी पोरं बापाबरोबर बाजारात जातील, बोटीवर जातील, कुठूनतरी शिकतील. पोरींना या एका खोलीशिवाय आहे काय?’’

आईने मान वर केली. ‘‘आमचाही थोरला उठवा,’’ ती म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि शिंकले. मागून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. यांग काका टोपी काढून डोकं खाजवत बसले.

मग मेंग मास्तर उभे राहिले. ‘‘कोणालाच उठवू नका. मी दोनदा शिकवीन, अर्धे सकाळी, अर्धे दुपारी. लवकर घरी जाऊन तरी मला काय करायचंय?’’

‘‘मुली सकाळी घ्या,’’ मावशीने लगेच बजावलं. ‘‘दुपारी तुम्ही पेंगाल.’’

दुसऱ्या दिवशी काळ्या खडकापुढे इतके भोपळे तरंगत होते, की पाणी दिसेना. छप्पर चढलं.

पहिल्या दिवशी मी बाकाच्या अगदी टोकाला टेकले होते, अर्धी आत, अर्धी बाहेर. कोणीतरी येऊन ऊठ म्हणेल याची खात्रीच होती मला. मास्तर फळ्यावर पहिलं अक्षर काढत होते. मावशी समुद्रावरून थेट आली, अंगातून पाणी गळत असलेली, आणि मास्तरांना न विचारता आत शिरली. तिने माझे खांदे धरले आणि मला उचलून बाकाच्या मधोमध ठेवलं.

‘‘नीट बैस,’’ ती तिच्या त्या कुजबुजीत म्हणाली, म्हणजे सगळ्या शाळेने ऐकलं. ‘‘पाहुणी नाहीस तू इथे.’’

पुढे मी मास्तरीण झाले, त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. जिल्ह्याच्या सभांना सगळ्या पुरुषांत मी एकटी बाई असायची. खुर्ची नेहमी मधलीच धरली.