चौकशीच्या खिडकीतले काका

काकांनी एकतीस वर्षं बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठं बदलायची, हे ते झोपेतही सांगत. स्वतः मात्र घर आणि खिडकी यांच्यापलीकडे फारसे गेले नाहीत. गाडी बदलायची तर मध्ये तासभर तरी हाताशी हवा, नाहीतर तो मार्ग प्रवाशाला सुचवायचाच नाही, हा त्यांचा नियम. आपण वाटेला लावलेला माणूस कधी मध्येच अडकला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

रविवारी त्यांच्या मित्राचा फोन आला. हा तिथलाच ड्रायव्हर, आता दूर मुलीकडे राहणारा. ड्युटी संपली की घरी जायच्या आधी तो खिडकीमागच्या बाकावर तासभर टेकायचा, आणि दोघांचं तोंड मिटायचं नाही. आता त्याचा आवाज पार बसला होता.

"शुक्रवारी घशाचं ऑपरेशन आहे. आवाज जाणार म्हणतात. त्याआधी येऊन जा."

फोन ठेवून काका वेळापत्रकं काढून बसले. मी त्यांचा पुतण्या. म्हटलं, उद्या सकाळच्या बसनं निघू. पण ती दोनदा बदलायची, आणि दुसऱ्यांदा मध्ये जेमतेम अर्धा तास. बाद. विमानाचं तिकीट मी काढतो म्हटलं, तर विमान सव्वासहाला उतरणार आणि तिथून पुढची शेवटची बस सातला. तेही बाद. माझी गाडी काढतो म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगचा असा उद्धार केला की माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला जायचंय की नाही?"

"जायचंय म्हणूनच बघतोय ना," ते शांतपणे म्हणाले.

थेट रेल्वे आठवड्यातून एकदाच होती. बुधवारी दुपारी सुटून गुरुवारी दुपारी पोचणारी. काकांचा चेहरा उजळला. बदलाबदलीची भानगड नाही, वर बोलायला अख्खी संध्याकाळ मोकळी. मी नाद सोडला.

गाडी अगदी वेळेवर पोचली. स्टेशनवर मित्राची मुलगी उभी होती. डॉक्टरांना शुक्रवारी जमणार नव्हतं, म्हणून ऑपरेशन आज सकाळीच उरकलं, असं तिनं सांगितलं. काल संध्याकाळी कळलं तेव्हा आम्ही गाडीत होतो, मग कळवून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. काकांनी मान हलवली आणि उगाच घड्याळात पाहिलं. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी भेटायला सोडलं. जन्मभर बोलण्यावर पोट भरणारे काका, पण कॉटपाशी ते आधी नुसती चादर सारखी करत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "काय सांगायचं होतं रे तुला?"

मित्रानं मुलीकडून वही मागून घेतली. लिहायला त्याला बराच वेळ लागला. काकांचे डोळे भरले होते, त्यांना अक्षर दिसेना. म्हणून मीच वाचून दाखवलं.

"काही नाही. नुसत्या गप्पा मारायच्या होत्या."