केसपेपरवरचं माझं वाक्य

ते वाक्य मी बोलले तेव्हा मला कोणी विचारलंही नव्हतं. केसपेपरच्या खिडकीतल्या माणसाने "काय झालं?" असं विचारलं होतं ते स्ट्रेचरवरच्या माणसाच्या बायकोला. ती तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ताडावरून पडला."

त्याने मान डोलावली आणि लिहून टाकलं. आमच्या डहाणू-तलासरीकडे ताडी काढणारे पडतात, हे त्याला नवीन नव्हतं. त्या माणसाच्या कमरेला कोयता अडकवायचा आकडासुद्धा तसाच होता. स्ट्रेचरवरून तो माझ्याकडे बघत होता. डोळे मिटले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याने मिटले नाहीत.

तो ताडावरून पडला नव्हता. माझ्या गाडीने त्याला उडवलं होतं.

मी तलासरीच्या पलीकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे, घर डहाणूला. बरीच वर्षं एसटीने जायचे, मग गाडी घेतली. त्या दुपारी शाळा सुटल्यावर घरी येत होते. शेजारच्या सीटवर फोन सारखा वाजत होता. कसली तरी माहिती आजच्या आज भरून पाठवायची होती, आणि ग्रुपवर माझ्या शाळेचं नाव 'बाकी' म्हणून येत होतं. मी फोनकडे बघितलं, एवढंच. रानशेतच्या अलीकडे तो रस्त्याच्या कडेने, अगदी कडेने, खांद्यावर रिकामी मडकी घेऊन संध्याकाळी चढायच्या ताडांकडे निघाला होता. मडकी फुटल्याचा आवाज आधी आला. तो पडलेला मला नंतर दिसला.

मागून त्याची बायको येत होती. ती ओरडली नाही, रडली नाही. फडक्याने त्याची मांडी आवळली आणि म्हणाली, "गाडीत घे." आम्ही दोघींनी त्याला मागच्या सीटवर घातलं.

वाटेत मला त्याच्या पायाची काळजी होती, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. ते खोटं आहे. मला पोलिसांची काळजी होती. नोकरी, चौकशी, पेपरात नाव. आणि नेमकं तेव्हा मागून ती म्हणाली, "पोलिसात नको नेऊ, बाय. ताडीचं विचारतील. परवाना नाय आमच्याकडं."

"नाही नेत," मी म्हणाले. जणू मीच तिच्यावर उपकार करत होते.

अपघात म्हटलं की दवाखाना पोलिसांना कळवतो. झाडावरून पडलेल्याचं कोणी फारसं विचारत नाही. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. तिच्या भीतीच्या आड मी माझी भीती नेऊन ठेवली, आणि केसपेपरवर ते एक वाक्य लिहिलं गेलं.

पहिले काही रविवार मी तांदूळ, औषधं, फळं घेऊन त्यांच्या पाड्यावर गेले. मग एक रविवार चुकला. मग जाणं थांबलंच. घरी ह्यांना सगळं माहीत होतं. हे रेल्वेत आहेत, कागदाचा माणूस. म्हणाले, "झालं ते झालं. आता तोंड उघडू नकोस."

त्याच्या मांडीचं हाड नीट जुळलं नाही. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत घातलेली सळई काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, तेही लवकर, नाहीतर पाय कायमचा आखूड राहील. हे सांगायला त्याची बायको शाळेत आली, व्हरांड्यात पायरीवर बसली. "चालतो काठी घेऊन," ती म्हणाली. "चढता येत नाय. वकील बोलला, गाडीचा विमा असतो, तो देतो. तुझ्या गाडीचे कागद दे."

"बघते," मी म्हणाले. कागद गाडीतच होते.

मी दिले नाहीत तरी वकिलांनी ते मिळवलेच. दावा लागला. प्रतिवादी क्रमांक एक मी, दोन विमा कंपनी. पोलिसांनी जबाबाला बोलावलं. तिथे मी जे सांगितलं ते लिहितानासुद्धा बोट अडखळतं. मी सांगितलं, "हा माणूस रस्त्यात पडलेला दिसला. माणुसकी म्हणून दवाखान्यात नेलं." शाळेत हे कळल्यावर एका सहकारी बाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी 'अहो, त्यात काय' असं म्हणाले. अगदी याच शब्दांत.

मग विमा कंपनीचा अधिकारी घरी आला. गोडबोल्या, इस्त्रीचा शर्ट, घरात शिरताना चपला नीट कडेला काढून ठेवणारा. चहा घेतला. अंगणात गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवरून हात फिरवला, डाव्या दिव्याच्या नव्या काचेवर टिचकी मारली. आणि काहीच विचारलं नाही. जाताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही काही बोलायची गरज नाही. केसपेपर आहे ना, तोच बोलेल."

कोर्टात निकालाला किती वर्षं लागतील याचा भरवसा नव्हता आणि पाय तेवढा थांबणार नव्हता, म्हणून त्यांच्या वकिलांनी तडजोडीची बैठक मागितली. कोर्टाच्या आवारातली एक खोली, वर कुरकुरणारा पंखा. एका बाजूला मी आणि अधिकारी, समोर ती दोघं आणि त्यांचे वकील. वकील वयस्कर, सर्दीने हैराण झालेले.

"उत्पन्नाचा पुरावा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"ताडी काढतो तो," वकील म्हणाले. "त्याची कोण पावती देतो?"

"तेच तर. पावती नाही, परवाना नाही. आणि केसपेपर म्हणतो, झाडावरून पडला. तरी आम्ही माणुसकी म्हणून बसलोय." मग तो त्या माणसाकडे वळला. "ऊठ रे. जरा चालून दाखव."

तो उठला. काठी टेकत भिंतीपर्यंत गेला, परत आला. अधिकारी माझ्याकडे बघून हसला. "चालतोय की चांगला."

"चालतो," ती म्हणाली. "ताडावर काय चालत जायचं असतं?"

"साहेबांना तू म्हणतेस?"

"मग काय म्हणू? कलेक्टर आला तरी आम्ही तूच म्हणतो. त्याला राग नाय आला."

वकील रुमालात नाक शिंकरल्यासारखं करून हसले. तिने नवऱ्याच्या शर्टाची बटणं उघडली. छातीच्या मधोमध, आणि दंडांच्या आतल्या बाजूला, कातडी जाड, काळपट, भेगाळलेली होती. वर्षानुवर्षं झाडाला मिठी मारून चढणाऱ्याचे घट्टे. "हा बघ पुरावा," ती म्हणाली. "हात लाव. मऊ पडत चाललेत. किती महिने चढला नाय ते यावरून मोज."

अधिकाऱ्याने हात लावला नाही. खुर्ची किंचित मागे सरकवली. मग एक आकडा सांगितला. त्यात दुसरं ऑपरेशनसुद्धा झालं नसतं. "आज सही केलीत तर महिन्याभरात चेक," तो म्हणाला. "नाहीतर चालवा केस. म्हातारे व्हाल."

ती त्याच्याशी बोलायची थांबली. माझ्याकडे वळली. "बाय, तू सांग ह्याला. तू होतीस ना."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. त्या माणसाची बटणं अजून उघडी होती.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती फक्त नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायला लागली, एकेक, सावकाश. वकिलांनी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

बाहेर आवाराच्या भिंतीपाशी एक बाई टोपलीत चिकू घेऊन बसली होती. अधिकाऱ्याने घेतले, तिथेच सोलून खाल्ले, बिया भिंतीकडे थुंकल्या. मलाही एक दिला. "छान बोललात मॅडम," तो म्हणाला. "या लोकांना एकदम फार द्यायचं नसतं. पिऊन टाकतात. तुम्ही शिकवता त्यांच्या पोरांना, तुम्हाला मी काय सांगायचं." ओठांच्या कोपऱ्यात चिकूचा गर लागला होता, तो रुमालाने पुसत होता. त्याची किळस आली असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते. पण मी तो चिकू खाल्ला. त्याने मला आपल्यातली समजलं होतं, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी लगेच शहाणी झाले, असं नाही. पंधरा दिवसांतले तेरा मी शाळेत हजेरी घेतली, माहिती भरली, भाजी आणली. ह्यांना सांगून बघितलं. ह्यांनी विचारलं, "सर्व्हिस किती राहिली तुझी?" मी सांगितली. "मग," हे म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांना माझा राग आला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हिशेब केला होता, जो मी त्या गाडीत मागच्या सीटवर माणूस कण्हत असताना केला होता.

आरशात तोंड बघताना नजर टाळायला लागले. याला पश्चात्ताप म्हणावं का, मला माहीत नाही. आपल्याच अंगाला वास येतोय आणि तो धुतला जात नाही, तसं काहीतरी.

चौदाव्या दिवशी मी त्यांच्या वकिलांकडे गेले आणि सांगितलं, मला लिहून द्यायचं आहे. त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. कळतंय ना?" म्हटलं, कळतंय. फोन, वेग, मडकी, केसपेपरची खिडकी, पोलिसांना दिलेला खोटा जबाब, सगळं प्रतिज्ञापत्रात घातलं. सोबत गॅरेजचं बिल दिलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी वापीला जाऊन मी डावा दिवा बदलून आणला होता. ते बिल मी फाडलं का नव्हतं, कोण जाणे.

दुसऱ्या बैठकीत अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. इस्त्रीचा शर्ट तोच होता की तसाच दुसरा.

"मॅडम, हे कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही."

"मग आधी खोटं बोललात. आज खरं बोलताय कशावरून?"

"गॅरेजचं बिल बघा. तुम्हीच त्या काचेवर टिचकी मारली होतीत."

त्याने बिल बघितलं. मग आवाज उतरवून, अगदी माझ्या भल्यासाठी सांगतोय अशा सुरात म्हणाला, "कंपनी उद्या तुमच्याकडून वसूल करायला आली तर?"

"या," मी म्हणाले. हे धैर्य नव्हतं. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता, बस.

त्यानंतर अडीच तास ओढाताण चालली. आता केसपेपर बोलेनासा झाला होता, तर अधिकारी म्हणाला की माणूस प्यायलेला असेल. ती म्हणाली, "ताडी विकतो तो. पिऊन टाकली तर विकेल काय?" तो म्हणाला, इतर काही काम करू शकेल. वकिलांनी विचारलं, कुठलं, ते सांगा, आम्ही लगेच अर्ज करतो. प्रत्येक वेळी तो बाहेर जाऊन फोन करायचा, आणि आत आला की आकड्याने थोडा वर चढायचा. दोनदा तिने 'नाय' म्हटलं. दुसऱ्यांदा तर वकीलसुद्धा घाबरले, तिच्या कानाशी लागले. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा 'नाय' म्हणाली.

शेवटी जे ठरलं त्यात ऑपरेशन होणार होतं, आणि तो चढू शकला नाही तरी काही वर्षं घर चालणार होतं. पूर्ण न्याय नव्हे, वकील म्हणाले, पण लाज वाटावी असंही नाही. "पैसे ह्याच्या खात्यात टाका," ती म्हणाली, "पण पासबुक माझ्याकडं राहील." नवरा त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "पायाचं विचारत कोणी नाय, पासबुकाचं आधी." त्याने अंगठा उठवला. तिने सही केली, प्रत्येक अक्षर सुटं.

बाहेर पडलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी म्हणाले, "गाडी आहे. पाड्यापर्यंत सोडते तुम्हाला."

तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्या गाडीत? नको, बाय. एकदा बसवलंस तेवढं पुरं." आणि ती हसली, मोकळी हसली, नवऱ्यालाही हसू आलं. दोघं काठीच्या चालीने एसटीच्या थांब्याकडे निघाली.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. अर्धा तास तो आखूड पाय माझ्या मागच्या सीटवर नसेल, ती काही बोलणार नाही आणि मला काही बोलावं लागणार नाही. एवढं सगळं लिहून देऊन, सह्या करून, गुन्हा अंगावर घेऊन झाल्यावरही मनात आधी आलं ते हेच. मी काच वर केली, एसी लावला आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेले.