टाकी वाहिली तो दिवस

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. विरारला मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही सकाळी दहाला. पुरुषमंडळी तोवर केव्हाच मुंबईला ऑफिसात पोचलेली. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे मोटरच्या खोलीची किल्ली आमच्या घरी आणि काम माझ्या गळ्यात. खाली मोटर लावायची, चार मजले चढून गच्चीवर जायचं, टाकी भरत आली की धावत खाली येऊन बंद करायची. मला या कामाचा मनस्वी वैताग होता.

मग समोरच्या गच्चीवर तो दिसला.

रात्रपाळीला जात असावा. डोळे झोपाळलेले, खांद्यावर टॉवेल. त्यांची टाकी प्लास्टिकची. डॉक्टर छाती तपासतात तसा तो टाकीला कान लावून टकटक करायचा आणि पाणी कुठवर आलं ते ओळखायचा. मला तो भयंकर आवडला. का, ते विचारू नका. पाण्याच्या दिवशी मी इस्त्रीचा ड्रेस घालू लागले. आमची टाकी सिमेंटची, झाकण उचललं की पाणी दिसायचं; तरी मीही तिच्यावर टकटक करू लागले. आई म्हणाली, "टाकी बघायला चाललीस की दाखवायच्या कार्यक्रमाला?"

त्याने एकदा तरी माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. पण बघावं तेव्हा त्याचा कान टाकीलाच.

एप्रिलमध्ये तळमजल्यावरच्या काकूंनी गच्चीत जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या. देशावरच्या काकू, तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून केलेल्या कुरडया. "पाण्याबरोबर कावळ्यांकडेही बघ गं," म्हणाल्या. मी ना पाण्याकडे बघितलं ना कावळ्यांकडे.

"ओ, तुमची टाकी वाहतेय! मोटर बंद करा!"

तो माझ्याशी बोलला म्हणून मी आधी खूश झाले. मग पायांशी बघितलं. काकूंच्या कुरडया साडीसकट तरंगत होत्या.

संध्याकाळी बाबांनी किल्ली काढून काकूंकडे दिली. वर शिक्षा म्हणून नव्या कुरडया मी घालायच्या, त्याही खाली आवारात, टाकीपासून लांब. मला कुरडयांचं काही नव्हतं. आता तो दिसणार नाही, याचंच रडू येत होतं.

गहू भिजले, वाटले गेले. काकूंनी गरम चीक माझ्यापुढे ठेवला, मोटर लावली आणि धापा टाकत वर गेल्या. खाली आल्या त्या बडबडतच.

"तो समोरचा पोरगा विचारत होता, रोजची मुलगी कुठंय म्हणून. म्हटलं, शिक्षा भोगतीय."

"मग काय म्हणाला?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"म्हणे, तिला रागावू नका, चूक माझीपण आहे. टाकी बराच वेळ वाहत होती, माझंही लक्ष नव्हतं." काकूंनी मोटर बंद केली आणि कपाळाचा घाम पुसला. "आता बोल! आत्ता बघितलं मी, टाकीला कान लावतो तोही तोंड आपल्या गच्चीकडं करून. समोर एवढा धबधबा पडतोय, आणि लक्ष नव्हतं म्हणे. मग लक्ष होतं तरी कुठं मेल्याचं?"

मी मान खाली घालून सोऱ्या फिरवत राहिले. त्या दिवशीची एकही कुरडई गोल पडली नाही.