खाली, उजवीकडे

हे मी कुणालाच बोललेले नाही. मालकांना नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे बोलायला जमेल असं वाटतं. जमेल का?

भावजींपासून सुरुवात करते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, शिवानंद. पालीला आमचं किराणा दुकान, दुकानामागे घर. मालकांनी शाळा सोडून लवकर दुकान धरलं. भावजी मात्र शिकत गेले, शिकत गेले, आणि पुण्याला जाऊन ताऱ्यांवर संशोधन करायला लागले. घरात कुणाला ते नीट कळत नसे. सासूबाई म्हणायच्या, "शिवा, चांदण्या मोजायचा पगार कधी सुरू व्हायचा रं?" भावजी मोठ्याने हसायचे. पुढे ते हसायचे थांबले — आणि ते माझ्यामुळे.

नाही, असं एकदम नको. नीट सांगते.

ज्या वर्षी आमच्या दुकानाशेजारी एसटीडीचा बूथ निघाला, त्या उन्हाळ्यात भावजी चित्रांची मोठी गुंडाळी घेऊन घरी आले. परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या दुर्बिणीतून काढलेली चित्रं. प्रत्येकात मधोमध काळी गोल टिकली, आणि भोवती करडा रवा सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके. मी भाकरी थापत होते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि मला — चौथी शिकलेलीला — समजावून सांगायला लागले.

"वैनी, अंधारात समोरून ट्रक आला तर त्याच्या दिव्याशेजारचा सायकलवाला दिसतो का? न्हाई. पण दिव्यापुढं हात आडवा धरला की दिसतो. तारा म्हंजी तो दिवा. त्याच्यावर ही टिकली लावली. आता शेजारी कुणी सायकलवाला हाय का, ते बघायचं."

सायकलवाला म्हणजे त्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. पण अडचण अशी होती की टिकली लावली तरी ताऱ्याचा उजेड कडेने सांडतोच, आणि सांडलेल्या उजेडाचे कण अगदी ग्रहासारखे दिसतात. मग खरा कोणता आणि फसवा कोणता? त्यासाठी भावजींनी एक परीक्षा तयार केली होती. काही चित्रांत त्यांनी स्वतःच खोटा ग्रह घातला होता — कुठे ठळक, कुठे पुसट, कुठे इतका पुसट की असून नसल्यासारखा. काही चित्रं रिकामीच ठेवली होती. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या भिंतीला चित्र लावायचं आणि विचारायचं — ग्रह आहे का, असला तर चारांतल्या कोणत्या कोपऱ्यात? किती पुसट होईपर्यंत तो दिसतो आणि कुठून दिसेनासा होतो, ती रेघ त्यांना हवी होती. रिकाम्या चित्रात माणूस किती वेळा उगाच "आहे" म्हणतो, तेही हवं होतं.

"रेघेच्या पलीकडं ग्रह नसतोच असं न्हाई," ते म्हणाले. "असंल बी. फकस्त आपल्याला दिसत न्हाई. म्हणून वैनी, 'दिसत न्हाई' म्हणायला लाजू नका. मला ते बी लई कामाचं हाय."

हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना हे विसरू नका.

आधी मालक खुर्चीत बसले. म्हणाले, "मला तर सगळा रवाच दिसतोय बे. तुझ्या वैनीला शिरा करायला सांग." मग शाळेतले एक गुरुजी बसले. त्यांनी ठळक ठळक ओळखले, पुसट सोडून दिले. मग माझी पाळी आली.

इथे मला थांबावंसं वाटतं. पण थांबले तर पुन्हा बोलायची नाही.

मला लांबचं दिसत नाही. लहानपणापासून नाही. हातातलं सगळं दिसतं — सुई ओवते, तांदूळ निवडते — पण अंगणापलीकडचा माणूस मला त्याच्या चालीवरून नाहीतर खोकल्यावरून कळतो. माहेरच्यांनी हे बघायला आलेल्या पाहुण्यांपासून लपवलं. लग्नात, लग्न लावणाऱ्या स्वामींनी आभाळाकडे बोट करून अरुंधती दाखवली. मोठ्या चांदणीला चिकटून असते ती बारीक चांदणी. "दिसली का?" मी म्हणाले, "दिसली." सगळ्याच नवऱ्या म्हणतात, भर उन्हात लग्न असलं तरी म्हणतात, ती रीतच आहे. बाकीच्यांचं ते तिथेच संपतं. माझं नाही संपलं. एसटीची पाटी, नारायणगडाला जाताना लांबून दाखवलेला कळस, धरणाच्या पाण्यावरचे बगळे — सासरी कुणी काहीही दाखवलं की मी म्हणायची, दिसलं, दिसलं.

मग त्या खुर्चीतून मला काय दिसलं असेल? भिंतीवर एक करडा चौकोन. त्यातली काळी टिकलीसुद्धा नाही.

मग मी ओळखलं कसं? कानाने. भावजींना पेन्सिल तळहातावर टकटक वाजवायची सवय होती. ते एकेक कोपरा विचारायचे — "वर डावीकडं? वर उजवीकडं? खाली डावीकडं?" — आणि जिथे त्यांनी खोटा ग्रह घातलेला असायचा, त्या कोपऱ्याचं नाव घेताना टकटक थांबायची. चित्र रिकामं असलं की टकटक चालूच, आवाज सपाट, जरा घाईचा. त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मला पहिल्या काही चित्रांतच कळलं. मग मी सगळी बरोबर सांगत गेले. सगळ्यात पुसटसुद्धा. रिकाम्यांना "न्हाई" म्हणाले, तेही बरोबर.

भावजी दारात जाऊन ओरडले, "आई, ह्या घरात खरी नजर एकट्या वैनीची हाय!"  त्या दिवशी चहा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घे, आधी तू घे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भीती वाटली म्हणून खोटं बोलले, असं म्हणता येईल का? नाही. तोवर दोन लेकरं झाली होती. डोळे अधू आहेत म्हणून मला कुणी माहेरी धाडणार नव्हतं. मला ते गोड लागलं, एवढंच. मला कुणी कशात हुशार म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं, आणि ते माझ्याकडून सोडवेना.

इथपर्यंत असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण जायच्या आदल्या दिवशी भावजींनी आणखी एक चित्र लावलं. काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं. वर डावीकडं? टकटक. वर उजवीकडं? टकटक. खाली डावीकडं? टकटक. "खाली... उजवीकडं?" पेन्सिल थांबली. श्वासही थांबल्यासारखा वाटला.

मी म्हणाले, "हाय. खाली, उजवीकडं."

ते खालीच बसले. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, हा मी घातलेला न्हाई. हे दुर्बिणीतून आलं तसंच्या तसं चित्र हाय. माझे सर म्हणत्यात, तिथं काही न्हाई, तुझ्या मनाचे खेळ हायत."

कळलं का तुम्हाला? त्यांना तिथे असावा असं वाटत होतं, म्हणून पेन्सिल थांबली. मी त्यांच्या मनातलंच त्यांना परत दिलं, आणि त्यांनी ते साक्ष म्हणून घेतलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी परात उचलली आणि आत गेले.

पुण्याला गेल्यावर सरांनी त्यांना सांगितलं होतं — बाकी सगळ्यांची रेघ एकीकडे आणि या एका बाईची कुठल्या कुठे खाली. हिला मोजणीतून काढ, काहीतरी चुकतंय. भावजींनी काढलं नाही. त्यांनी बूथवर फोन केला. मालकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"वैनी, खरं सांगा. नक्की दिसलता ना?"

मीटर पळत होता. मालक हातानेच 'आटप' म्हणत होते. "न्हाई" म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "दिसलता की."

माझ्या त्या शब्दावर ते सरांशी भांडले. मोठ्या लोकांच्या सभेत उभं राहून सांगितलं की या ताऱ्याशेजारी काहीतरी आहे. वर्षभर खटपट करून त्या परदेशी दुर्बिणीची पाळी मिळवली. पाळी आली, चित्र निघालं. कोपरा रिकामा. खरा ग्रह असता तर ताऱ्यासोबत राहिला असता. तो तर नुसता सांडलेला उजेड होता. सभेत सांगितलेलं सगळं त्यांना मागे घ्यावं लागलं. सरांनी त्यांच्यावरचा भरवसा सोडला, संशोधन अर्ध्यात राहिलं, आणि ते ट्रंक घेऊन घरी आले.

सासूबाई मलाच बोलल्या. "हिच्या नजरेपायी लेकरू बुडालं." आणि भावजी — भावजी माझ्या बाजूने उभे राहिले. "आई, वैनीला बोलू नगं. तो डाग लई फसवा होता. कुणालाबी दिसला असता." मी तिथेच उभी होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

पुढे ते नांदूरघाटला शाळेत गणित शिकवायला लागले. चांगलं शिकवतात म्हणे. आभाळाबद्दल बोलत नाहीत. माझी लेक लहान असताना एकदा म्हणाली, "काका, तो चमकतो तो कोणता?" त्यांनी तिला वर न बघताच आत नेलं.

अजून एवढंच नाही. आणखी एक राहिलं आहे, आणि तेच सगळ्यात वाईट.

काही वर्षांनी चुलीतली ठिणगी उडून माझ्या डोळ्याला लागली. मालक दुकानात अडकलेले, म्हणून भावजी मला बीडला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. तिथे पेन्सिल नव्हती, टकटक नव्हती. मला सगळ्यात वरचं मोठं अक्षरही आलं नाही. डॉक्टर भावजींना म्हणाले, "ठिणगीचं काही विशेष नाही. पण यांना इतका मोठा नंबर आहे, तो आजचा नाही. हा लहानपणापासूनचा. तुम्हाला घरात कधी कळलं नाही?"

 भावजींनी माझ्याकडे वळून विचारलं. रागाने नाही — राग असता तर बरं झालं असतं.

"वैनी, लहानपणापासून?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "न्हाई भावजी. हे हल्लीच व्हाया लागलंय."

ते म्हणाले, "बरं."

आठ दिवसांनी चष्मा आणायलाही तेच आले. दुकानदाराने तो माझ्या कानांवर बसवला. भावजी जीप ठरवायला रस्त्याच्या पलीकडे गेले होते. मी पायरीवर उभी राहून तिकडे बघितलं. इतक्या लांबून माणसाचं तोंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले. डोळे दिसले. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं कळलेलं होतं. कदाचित डॉक्टरांसमोरच कळलं असेल.

"वैनी, चला," त्यांनी पलीकडून हाक मारली. मी चष्मा काढला आणि त्यांच्या आवाजाच्या दिशेने चालत गेले.