स्टेटसवरचं हसू

आमच्या संस्थेचं ऑफिस हिंगोलीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बायकांना सुरक्षित जागी ठेवायचं आणि दवाखाना, वकील, पोलीस ठाणं जिथं लागेल तिथं त्यांच्या सोबत जायचं, हे आमचं काम. मी तिथं लागले तेव्हा सगळ्यात जुन्या कार्यकर्तीला सगळे मोठ्या ताई म्हणायचे. गावोगावच्या बचत गटाच्या बाया, आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, सरपंच, पोलीस पाटील यांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर सेव्ह असायचा. कुठल्याही गावात रात्री-अपरात्री एखादी बाई अडचणीत सापडली की आधी त्यांनाच फोन जायचा. फोन एकच, घरचाही तोच आणि कामाचाही तोच. नातवाच्या बारशाचे फोटो आणि टाके पडलेल्या कपाळांचे फोटो त्यात एकाखाली एक असायचे. ऑफिसमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून ती आली. पायी तालुक्यातल्याच गोरेगावपर्यंत, तिथून जीपने हिंगोली. उजव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने कानाखाली मारल्यापासून तो कान गेला होता. आपण बोलायला लागलो की ती मान वळवून डावा कान पुढे करायची. लहान पोरगी घरीच राहिली होती.

"पोरगी सासूच्या कडेवर व्हती," ती म्हणाली. "मी हात पुढं केला तर सासू आत गेली आन् कडी लावली. मी तशीच निघाले."

तिचा फोन मीच हातात घेतला. तो नवऱ्याने आणून दिलेला होता, पासवर्डही त्यानेच टाकलेला. बायको कुठे आहे ते तो आपल्या फोनवरून बघायचा, हे तिला माहीत होतं. मी सिम काढलं, फोन बंद करून कपाटात ठेवला. कुणाच्याही फोनवरून माहेरी बोलायचं नाही, असं तिला समजावलं. तिने ते शब्दशः पाळलं. आईची आठवण आली की नुसती खिडकीत जाऊन उभी राहायची, फोन मागायची नाही. तिच्या फोनची आम्ही एवढी काळजी घेतली. आमच्या फोनचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

तिला आम्ही औंढ्याला ठेवलं. तिथं देवदर्शनाला बाहेरगावची माणसं सारखी येत-जात असतात, नवीन बाई दिसली तरी कुणी विचारत नाही. बेल-फुलांच्या दुकानावर आमची एक भाड्याची खोली होती. दिवसा तिथं शिवणवर्ग चालायचा, मागच्या खोलीत राहायची सोय होती. मुलीचा ताबा मिळावा म्हणून वकिलांशी बोलणं सुरू झालं होतं. ती दिवसभर मशीनवर बसून असायची, विचारलं तेवढंच बोलायची.

एका दुपारी मोठ्या ताई आणि मी तिथं गेलो होतो. तिने शिवलेला ब्लाउज ताईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होत्या. ताई म्हणाल्या, "अगं, हा घालायला तशी बाई कुठून आणायची?" आणि ती हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात बाजूला पडला आणि ती हसतच राहिली. आम्ही तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी फोन काढला.

"फोटो काढू का गं?"

"काढा की," ती म्हणाली.

ताईंनी तो फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'आमची लेक पुन्हा हसू लागली.' तिच्या मागे खिडकी होती. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती आणि पाटीवर गावाचं नाव होतं.

थोड्याच दिवसांनी मी शिवणवर्गात असताना खालून लेकराचं रडणं ऐकू आलं. आमच्यात कुणी काही बोलायच्या आत तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. नवरा जिना चढून दारात आला. पांढरा स्वच्छ शर्ट, आवाज शांत, खांद्यावर पोरगी. पोरीचा चेहरा तापाने लाल झाला होता. एवढ्या उन्हात तो तिला मोटारसायकलवरून घेऊन आला होता.

मी आडवी उभी राहिले. "इथला पत्ता तुम्हाला कुणी दिला?"

"तुमच्याच ताईनं," तो म्हणाला. "आमची भावजय बचत गटात हाय, तिच्या फोनात त्याहिचं स्टेटस दिसलं. मागं पाटी व्हती, पाटीवर औंढा. मंग काय, आलो." मग माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत म्हणाला, "मस्त हसून राहिली व्हती. घरी काहून हसू येत न्हाई गं तुला?"

मी पोलिसांना फोन लावायला लागले.

"ताई, राहू द्या," ती मागून म्हणाली. ती पुढे आली, पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "कधीपासून ताप हाय?"

"दवाखान्यात न्यायची हाय. तू चालत असशील तर नेतो. न्हाई तर घरी घेऊन जातो, मंग तिचं नशीब."

मी तिचा हात धरला. "आपण नेऊ हिला दवाखान्यात. आत्ता नेऊ. तू जाऊ नकोस."

"तो देईन का तुमच्याकडं?" तिने विचारलं. त्याने पोरीला घट्ट धरलं होतं. तिने माझा हात हळूच सोडवला. पिशवी घेतली नाही, मशीनवरचं कापड तसंच राहिलं. मी खाली धावेपर्यंत मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. मी कळवल्यावर पोलिसांनी संध्याकाळी त्यांच्या घरी फोन केला. आपण आपल्या मर्जीने आलो, असं ती फोनवर म्हणाली.

ऑफिसमध्ये बैठक झाली. मोठ्या ताई कोपऱ्यात बसून होत्या. एक जण म्हणाला, "पण फोटोला ती हो म्हणाली होती ना?" मला वाटलं, ती नाही म्हणणार तरी कशी? राहायला खोली आमची, जेवण आमचं, वकील आमचा. आमच्यापुढे तिच्या हो म्हणण्याला काय अर्थ होता?

त्या बैठकीनंतर कामासाठी वेगळे फोन आले, त्यांना पासवर्डचं कुलूप लागलं. चेहऱ्याचा, खोलीचा, खिडकीचा फोटो काढायचा नाही, असं ठरलं. ठरलं ते चांगलंच ठरलं. ती मात्र तिकडेच होती.

ताईंनी आपला फोन माझ्या हातात दिला. "यातलं काय काढायचं ते तूच काढ. माझ्यानं बघवत नाही." मी एकेक फोटो उघडून पुसत बसले. सुजलेले डोळे, पाठी, मनगटं. मग कळलं, हे फोटो आपोआप त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटरवरही जात होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तिथून पुसले. सून चहा ठेवून गेली. ताई म्हणाल्या, "घरातल्या कुणी कुणी पाहिले असतील गं हे?" त्यानंतर ताई कामासाठी गावोगाव फिरल्या नाहीत. ऑफिसमध्ये यायच्या, हिशेबाची कागदं लावायच्या, कुणाचा फोन वाजला तरी दचकायच्या.

मी एकदा तिच्या गावी गेले. सासूने दार उघडलं, ती मागे उभी होती. "मी ह्यांना वळखत न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

नंतर ती मला जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दिसली. सासू मिरच्यांच्या ढिगापाशी भाव करत होती. ती पोरीचं बोट धरून मागे उभी होती. पोरगी बरी दिसत होती. आईच्या हनुवटीखाली मात्र नवा व्रण होता. तिने मला पाहिलं आणि मिरच्यांकडे बघतच हळू आवाजात बोलली.

"त्या खोलीत दुसऱ्या कोणाला ठिवू नका. त्यानं जागा पाह्यली."

ती खोली आम्ही केव्हाच सोडली होती. ते तिला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासू पिशवी घेऊन वळली. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि सासूच्या मागे चालायला लागली.