'टू लेट'ची पाटी

मंडळी, काल या ई-मेल गटावर मीनाशी माझा वाद झाला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी दगड उचलू नयेत, शांतपणे न्याय मागावा, असं मी लिहिलं. "तुमचा मान राखून विचारते, शांत माणसाचं ऐकतं कोण?" असं तिचं उत्तर आलं.

आज सकाळी एक केनियन विद्यार्थी आमच्या यशवंतपूरच्या घरी खोली विचारायला आला. माझे थोरले भाऊ, अण्णा, चहा पीत होते. त्याचा चेहरा बघूनच म्हणाले, "खोली गेली." फाटकावर 'टू लेट'ची पाटी लटकत होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, "सरी, अण्णा" म्हणजे 'बरं, दादा' असं कानडीत म्हणाला आणि निघून गेला.

मीना, दगड मला अजूनही पटत नाही. पण तो मुलगा शांतपणे निघून गेला, आणि अण्णांचा चहासुद्धा गार झाला नाही गं! सकाळपासून मला चैन नाही. पाटी तिथेच आहे, आणि मी अण्णांना अजून काहीच बोललेलो नाही. शांतपणेसुद्धा नाही.