अडतीस फूट सात इंच

"मॅडम, आभार मानायला फोन केला. पाणी थांबलं बगा. तीन तास झालं, आकडा हललेला न्हाई."

सांगलीहून सूर्यवंशी बोलत होते. नदीकाठच्या एका गल्लीत ते वृद्धाश्रम सांभाळतात. एकतीस माणसं, त्यातली नऊ अंथरुणाला खिळलेली. साताऱ्यातली आमची कंपनी नदीच्या पाण्याची उंची मोजून अशा काठावरच्या ग्राहकांना दाखवते. पुलाखालचं यंत्र आकडा पाठवतं, तो आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर जातो. तो सर्व्हर माझ्या ताब्यात. चाळीस फूट झाले की सगळ्यांना विश्रामबागच्या कॉलेजात हलवायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"आकडा किती आहे?" मी विचारलं.

"अडतीस फूट सात इंच. गाडी सांगितली हुती, ती आता नको म्हणून सांगतो. म्हाताऱ्यांचे हाल कशाला?"

महाबळेश्वरला कालपासून पाऊस कोसळत होता. शिवाय पुराचं पाणी कधी एका इंचावर तीन तास उभं राहतं का? थांबलं तरी इंच-अर्धा इंच खालीवर होतंच.

"गाडी रद्द करू नका. दोन मिनिटांत फोन करते."

स्क्रीनकडे पाहिलं. आमचा सर्व्हर हिरवा. मागे पवार सर, म्हणजे माझे बॉस, उभे होते.

"हिरवं आहे ना? मग त्यांचा टीव्ही अडकला असेल."

इथे जरा समजावून सांगते. आमचा सर्व्हर म्हणजे वेगळा डबा नाही. एका मोठ्या मशीनच्या आत आठ मशीन चालतात, नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेली. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात; आमचा सर्व्हर त्यांतलंच एक. एका बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं, तसं. हिरवा दिवा एवढंच सांगतो की फ्लॅटमध्ये लाइट चालू आहे. आतला माणूस शुद्धीवर आहे की पडलाय, हे वॉचमनला खालून कळत नाही. म्हणून आतली ऑपरेटिंग सिस्टीम दर काही सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप पाठवते. त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की बाहेरचं मशीन ओळखतं, आतलं कोसळलंय, आणि त्याला आपोआप रिस्टार्ट करतं.

मग ते का झालं नाही? कारण ती सोय मीच बंद केली होती.

उन्हाळ्यात बॅकअप चालू असताना निरोप उशिरा यायचा आणि धडधाकट मशीन उगाच रिस्टार्ट व्हायचं. ग्राहक ओरडायचे. सर वैतागून म्हणाले, "त्या हार्टबीटला गप्प करा हो." मी केलं. तात्पुरतं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. आणि वर शहाणपणा असा, की नवा आकडा आला नाही तर टीव्हीवर जुनाच राहू द्यायचा. कोरा पडदा दिसला की लोक फोन करतात ना.

मी आतल्या मशीनचा पडदा उघडला. काळ्यावर पांढरी अक्षरं, शेवटची ओळ 'कर्नल पॅनिक'. म्हणजे सिस्टीमचा गाभाच कोसळलेला. वेळ नऊ चाळीसची. घड्याळात पाऊण वाजला होता.

"रिस्टार्ट मारा लगेच," सर म्हणाले.

"मारते. पण चालू व्हायला सात-आठ मिनिटं जातील. आधी त्यांना फोन."

सूर्यवंशींनी पहिल्या रिंगलाच उचलला.

"तुमच्या गल्लीच्या टोकाला नदीत उतरायच्या पायऱ्या आहेत ना? किती दिसतात?"

"आता कोन बगतंय? टीव्ही लावल्यापासनं कोन जात न्हाई तिकडं. आमच्या अनसूयाक्का रोज मोजायच्या. त्यांना मीच म्हटलं, आवं आक्का, गुडघं दुखत्यात, आकडा दिसतोय की हितं."

"त्यांना विचारा."

फोनवर कुजबुज. मग एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"चहाच्या टायमाला सा हुत्या, बाई. आत्ता खिडकीतनं दोनच दिसत्यात. मी सकाळधरनं सांगतीया, पर टीव्हीफुडं माजं कोन ऐकतंय?"

"सूर्यवंशींना द्या, आक्का." त्यांना मी म्हटलं, "आत्ता हलवा. अंथरुणावरची माणसं आधी."

"पर आकडा तर अडतीसच हाय, मॅडम."

"आकडा मेलाय. नऊ चाळीसला. चूक माझी आहे, नंतर काय बोलायचं ते बोला. आधी निघा."

त्यांनी फोन ठेवला.

मी पडद्याचा फोटो काढून ठेवला, कारण रिस्टार्ट केलं की तो पुरावा जातो. मग बटण दाबलं. ती आठ मिनिटं मी खुर्चीत बसले नाही. मग आकडा आला, चाळीस फूट अकरा इंच.

शेवटची खेप विश्रामबागेत पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. चारच्या सुमारास गल्लीत पाणी शिरलं आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या खाटा बुडाल्या. खाटांवर कोणी नव्हतं.

त्याच दिवशी मी हार्टबीट चालू केला. बॅकअपपुरती त्याला जास्त मुदत दिली. हे उन्हाळ्यातच करायला हवं होतं, अर्ध्या तासाचं तर काम. आता दहा मिनिटं नवा आकडा आला नाही, तर टीव्हीवर 'माहिती नाही' एवढंच येतं. लोक फोन करतात, चिडतात. चिडू देत.

अनसूयाक्का पावसाळ्यात रोज सकाळी सूर्यवंशींच्या फोनवरून मला पायऱ्या कळवतात. मी आकड्याशी ताडून बघते. परवा सगळं जुळलं, तसं मी त्यांना सांगितलं.

"जुळणारच की," त्या म्हणाल्या. "पर तुजं मशीन जित्तं हाय का, त्ये आदी बगितलंस न्हवं?"